बोळवणीची रोपं

भाद्रपद लागला की तामलवाडीच्या माळावर माझ्या शेडनेटखाली टोमॅटोची रोपं इतक्या जोरात उठतात, की कान दिला तर वाढल्याचा आवाज येतो. खोटं वाटत असेल तर येऊन बसा, चहा माझा. एकदा मी ट्रेमधल्या ओल्या कोकोपीटवर टोपी विसरलो, विहिरीवरून परत येईस्तोवर टोपीला दोन पानं फुटली होती. तुळजापूरला पायी निघालेली माणसं लांबून माझं हिरवं नेट बघतात आणि तळं समजून पाय धुवायला आत शिरतात. मी कुणाला निराश करत नाही. पाइप आणून पायावर धरतो.

असं मी चाळीस वर्षं बोलत आलोय. गाव मला नाना म्हणतं. माझ्या माघारी काय म्हणतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी बायको कुशावर्ता आल्यागेल्याला सांगते, "ह्यांचं बोलणं ऐकलं की त्यातलं निम्मं सोडायचं, उरलेल्याचं निम्मं करायचं, आन मंग शेजाऱ्याला इचारायचं."

यंदाही ट्रे भरलेत. सकाळी पाणी मारून झालं की ऊन नेटमधून चाळून खाली येतं आणि पानांचा वास सुटतो. टोमॅटोच्या पानाला एक उग्र, हिरवट वास असतो. बोटांनी चोळलं तर पिवळा डाग पडतो आणि साबणानं तीनदा धुतलं तरी जेवताना घासाला लागतो. तो वास आला की मला एक जुना भाद्रपद आठवतो. मग माझ्यासारख्या माणसाचंही तोंड बंद होतं. कुशावर्ता म्हणते, ह्या दिवसांत घर कसं मोठं मोठं वाटतंय.

आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तीन दिवसांचा सण. त्यासाठी माझ्या चारही बहिणी माहेरी येतात: एक तेरखेड्याहून, एक परंड्याकडून, एक कळंबकडून, आणि सगळ्यात धाकटी शकू उमरग्याजवळच्या तिच्या गावाहून. आल्या की घरात आवाजाला जागा उरत नाही. सोळा भाज्या, पुरणाचा वाफारा, ओल्या केसांचा आणि शेवंतीचा वास, आणि एकाच वेळी चौघी बोलत असून चौघींना सगळं ऐकू येतं. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बोळवल्या की बहिणींची बोळवण. दुसऱ्यांच्या घरी चोळी-बांगडी करतात. आमच्या घरी त्यावर टोमॅटोच्या रोपांचा एक ट्रे. ही रीत माझ्या वडलांनी पाडली. ते म्हणायचे, चोळी फाटती, पण रोप सासरी रुजतं.

एसटीत ट्रे मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या बहिणी तुम्ही बघायला हव्या होत्या. शकू तर खिडकीशी बसली तरी काच लावून घ्यायची आणि वर रोपांवर पदर धरायची. कंडक्टर विचारायचा, "ह्याचं तिकीट काढू का अर्धं?" ती म्हणायची, "लेकरू न्हाय ते. माझा भाऊ हाय."

आणि दुसरी एक रीत, ती कुणी पाडलेली नाही, आपोआप आहे. माहेराहून आलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं. साडीचा रंग गेला तर बाई म्हणते आमच्याकडचं पाणीच खारं. भांडं तडकलं तर म्हणते, माझ्याच हातून आपटलं. सासरच्यांना टोमण्याला एवढंसं कारण पुरतं, ते कोण देणार.

त्या वर्षी बोळवणीच्या सकाळी मी ट्रे निवडत होतो. कडेच्या रांगेत पाच-सहा रोपांची पानं मला वेगळी दिसली. पान रुंद व्हायचं सोडून सुतासारखं बारीक झालेलं, टोक मुरडलेलं. उलटं करून बघितलं, खाली मावा बसलेला, रोग पसरवणारी ती बारकी कीड. मी काही आजचा नाही. रोग आहे हे मला कळलं. मी ती रोपं उपटली, कुंपणापलीकडं टाकली, हात धुतले आणि बाकीचे ट्रे पुसून ओट्यावर मांडले. रिक्षा दारात उभी होती. पिशव्या बांधून झाल्या होत्या. बहिणींना त्या दिवशी रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. आज वाटतं, रिकाम्या हातानं पाठवल्या असत्या तर काय झालं असतं? चौघी चार दिवस रुसल्या असत्या, एवढंच.

आश्विनात प्रज्ञा आली. उमरग्याची मुलगी, बाप तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर. ही विद्यापीठात टोमॅटोच्या विषाणूंवर संशोधन करत होती. स्कूटीला मागं बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा बांधलेला, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. नेटमध्ये शिरली आणि म्हणाली, "जयभीम नाना. तुमची रोपं बघायला आलेय."

"जयभीम. बघ की. पर हळू चाल, रोपं लाजत्यात."

ती हसली आणि वही काढली. तीच माझ्या नाशाची सुरुवात. आयुष्यभर माझं बोलणं लोकांनी ऐकलं, हसले, कान झाडून निघून गेले. लिहून घेणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. ती पान तोडायची, बारक्या नळीत घालायची, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात चिठ्ठी लावायची, आणि मी काय म्हणतो तेही त्याच गंभीरपणे टिपायची.

मी विचारलं, नेमकं काय शोधतेस? ती ट्रेच्या मांडणीवर टेकली आणि सांगायला लागली. "नाना, विषाणूसोबत कधीकधी आरएनएचा एक छोटा तुकडा फिरतो. तीनेकशे अक्षरांचा. त्याला उपग्रह म्हणतात. त्याला स्वतःची नक्कल काढता येत नाही, स्वतःचं कवच नाही. सगळं विषाणूचं वापरतो. पण अक्षरं जुळवून बघितली तर विषाणूच्या घराण्यातला तो नव्हेच."

"म्हंजी वऱ्हाडात घुसलेला," मी म्हणालो. "नवरदेवाच्या गाडीत बसलेला, अंगात नवरदेवाचाच कोट. पंगतीत इचारलं तर पोराकडचे म्हणत्यात पोरीकडचा, पोरीकडचे म्हणत्यात पोराकडचा."

तिनं हेही लिहून घेतलं.

"आणि हा आला म्हणजे वाईटच असंही नाही," ती म्हणाली. "कधी त्याच्यामुळं विषाणू मवाळ होतो, झाड तगून जातं. कधी त्याची चार-दोन अक्षरं बदलतात, आणि तेच झाड आठ दिवसांत काळं पडून मरतं. कुठला कुणापासून निघाला, कुठं बदलला, कोण कुणाचा भाऊ, कोण चुलत, ही वंशावळ मला काढायचीय. माझी पीएचडी त्यावरच आहे."

आमच्याकडं सुगीनंतर हेळवी येतो. ओसरीवर बसतो, चोपडी उघडतो आणि माझ्या सात पिढ्या मला म्हणून दाखवतो. माझा खापरपणजा कोण हे मला माहीत नसतं, त्याला असतं. मी म्हणालो, पोरी, म्हणजे तू रोगांची हेळवी. तिला ते इतकं आवडलं की पुढं फोनवर ती स्वतःच म्हणायची, "नाना, हेळवी बोलतेय."

त्या पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "या हंगामात तुमची रोपं बाहेर कुठं गेली?"

सरळ प्रश्न होता. गिऱ्हाइकांची उचल अजून सुरू व्हायची होती; बाहेर गेले होते ते ओट्यावरचे चार ट्रे माझ्या डोळ्यांसमोर आले. आणि मी बोलायला लागलो. म्हणालो, एका पानावर शंका आली तशी मी त्या खेपेची सगळी रोपं जाळली. एक काडी फाटकाबाहेर जाऊ दिली नाही. धूर असा झाला की सोलापूरच्या रस्त्यावर गाड्यांनी दिवसा दिवे लावले, देवीला चाललेल्या माणसांना वाटलं होम पेटला आणि त्यांनी तिथंच हात जोडले. तिनं कौतुकानं माझ्याकडं बघितलं आणि वहीत एकच ओळ लिहिली: रोपं बाहेर दिली नाहीत. धूर तिनं गाळला, खोटं तेवढं ठेवलं.

मग तिनं विचारलं, जिल्ह्यात अशी रोगट शेतं कुठं माहीत आहेत का. मला चारच माहीत होती. बहिणींचे फोन येऊन गेले होते. तिघींचा टोमॅटो मुरडला होता पण तगून होता. शकूचा भलताच निघाला. तिनं माहेरचा ट्रे मानानं बांधाकडेला लावला होता, त्या रांगेवरून मावा आत गेला आणि आख्खा प्लॉट खोडापासून काळा पडला. हे बाकीच्या बहिणींनी सांगितलं; शकू स्वतः फोनवर एवढंच म्हणाली होती, "पीक जरासं रुसलंय, दादा. तू नको जिवाला लावून घिऊ."

मला वाटलं, आयतीच डॉक्टरीण आलीय, जाऊ दे बहिणींच्या रानात. काही औषध सांगेल. फक्त माझं नाव नको निघायला. मी प्रज्ञाला चार पत्ते दिले, ओळखीची माणसं म्हणून. आणि चौघींना फोन केला, "एक बाई येईल, पानं नेऊ द्या. नातं सांगू नका. रोपं कुठली म्हणून इचारलं तर आमीच बी टाकलंतं म्हणा."

एकीनंही का म्हणून विचारलं नाही.

मला काय ठाऊक, पानाला नातं सांगता येतं म्हणून.

संक्रांतीच्या सुमाराला ती परत आली. हातात कागदाची मोठी गुंडाळी. ओट्यावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार टोमॅटो ठेवले. झाडासारखं चित्र होतं, आडवं पडलेलं. फांद्यांच्या टोकांना गावांची नावं. सगळा जिल्हा त्यावर विखुरला होता, कुणी कुणाच्या जवळ नाही. आणि खालच्या कोपऱ्यात एकाच खोडातून फुटलेली पाच नावं, मूठ आवळावी तशी. तामलवाडी, तेरखेडा, परंडा, कळंब, उमरगा. उमरग्याची फांदी तेवढी जरा लांब गेलेली.

"बघा नाना," ती म्हणाली, "बाकीचे सगळे चुलत-मावस. हे पाच सख्खे. कुठं परंडा, कुठं उमरगा. मावा काय एवढा उडतो? रोपं तर प्रत्येकानं घरी केलेली. मग हे सख्खे कसे?"

मी चष्मा पुसला. कागदावर माझ्या चार बहिणी होत्या. माझ्या बापानं जोडलेली चार स्थळं, चार मांडव, चार एसटीच्या वाटा. विषाणू त्याच वाटांनी गेला होता, मांडीवर बसून, पदराखालून. जगात कुठल्याही रोगाला इतक्या मायेनं कुणी घरी नेलं नसेल. आणि ते सगळं ह्या पोरीनं पानातून वाचलं होतं, फक्त तिला ते वाचता येत नव्हतं, कारण मधलं एक पान मी फाडून ठेवलं होतं.

तेव्हा बोलायचं होतं. कागद समोर होता, ती समोर होती, कुशावर्ता आत पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "निसर्ग हाय बाई. त्याचं काय सांगावं."

तिचा त्या शब्दावर विश्वास बसला, आणि तिथून ती एका अवघड वाटेला लागली. ती सांगायला लागली, की ह्या उपग्रहांचा उगम कुठून हे अजून कुणाला नीट उमगलेलं नाही. विषाणूचे ते नव्हेत. मग कदाचित झाडाच्याच आतून निघत असतील. पाचही ठिकाणी टोमॅटोचं वाण एकच होतं. एकाच वाणातून, एकाच विषाणूच्या धक्क्यानं, पाच ठिकाणी एकसारखा तुकडा जन्माला आला असेल तर? तिचे डोळे असे काही चमकत होते, की मला वाटलं, मी इतकी वर्षं मारलेल्या थापांत एवढी सुंदर गोष्ट मला एकदाही सुचली नव्हती. आणि ती थाप नव्हती. ती माझ्या थापेवर उभी होती, एवढंच.

तिच्या सरांनी तिला बजावलं होतं. तिनंच मला सांगितलं. "सर म्हणाले, रोपं खरंच वेगवेगळी असतील तर हे मोठं आहे. एका जागची निघाली तर ह्यात काही नाही, सगळं प्रकरण परत लिही." मग तिनं पुन्हा विचारलं, "नाना, नक्की ना? एकही ट्रे?" मी म्हणालो, एकही नाही. फाल्गुनात फोनवर विचारलं. मी म्हणालो, आता काय देवीचा भंडारा उचलून शपथ घेऊ? तीच मग माफी मागायला लागली.

काही माणसं खोटं बोलतात ते लपण्यासाठी. मी तसा नाही, मी बोलतो ते समोरच्याचं तोंड उजळावं म्हणून. निदान मी स्वतःला असं सांगत आलो. पण त्या फाल्गुनात, तिची माफी कानात घेऊन मी नेटमध्ये बसलो होतो, रिकाम्या ट्रेंची चळत लावत, आणि मला स्वच्छ कळत होतं की माझी भीती एका रोपवाटिकावाल्याची आहे. नानाची रोपं रोगट निघाली, बहिणीचं रान जाळलं, हे चार गावांत व्हायला नको होतं. त्यासाठी त्या पोरीच्या अभ्यासाची चार वर्षं मी पणाला लावली होती.

उन्हाळ्यात ती प्रबंधाचे छापलेले कागद घेऊन आली. दाराशी चपला काढल्या, पाणी प्यायली. म्हणाली, "ऋणनिर्देश वाचून दाखवते, मग बाकीचं." आणि वाचायला लागली. आईवडील, सर, मग माझं नाव. "तामलवाडीचे नाना, ज्यांच्या काटेकोर माहितीशिवाय हे काम झालं नसतं."

कुशावर्ता उंबऱ्यात उभी होती. तिला हसूच आलं. "काटेकोर? ह्यांची?" मग तिचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगा की आता. लेकराचं कशाला वाटोळं करताव."

मी सांगितलं. त्यात एक अक्षर वाढवलं नाही. सुतासारखी पानं, मावा, चार ट्रे, चार बहिणी, चार फोन. आयुष्यात इतकं थोडक्यात मी कधी बोललो नव्हतो. बोलून झालं तेव्हा बाहेर कुणीतरी विहिरीवरची मोटार चालू केली आणि पाइपमधून हवा फुसफुसत आली.

प्रज्ञा रडली नाही, ओरडली नाही. तिनं कागद एकावर एक नीट लावले. "म्हणजे झाडातून निघालेला नाही," ती म्हणाली. "तुमच्या वाफ्यातून निघालेला." मग म्हणाली, "पूर्ण प्रकरण गेलं, नाना."

"आता खरं लिही. म्या सही करून देतो."

"तुमच्या सहीवर नाही लिहिता येणार." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "तुम्ही आधीही नक्की म्हणालात, आताही नक्की म्हणताय. मला त्यांना विचारावं लागेल. रोप दिलं म्हणणारा आणि घेतलं म्हणणारा, दोघांचं जुळलं तरच नमुना ठेवायचा. नाही जुळलं तर काढायचा." मग कागदावरच्या त्या लांब फांदीवर बोट ठेवून म्हणाली, "ही उमरग्याची मला पाहिजे. मवाळ होता तो मारका कुठं झाला, ते फक्त हिच्यातून कळणार. आता माझ्याकडं तेवढंच राहिलंय."

तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि माझ्यासमोर एकेकीला लावायला लागली.

तेरखेड्याची म्हणाली, "दादा बसलाय का तिथं? दादा, सांगू का?" मी म्हणालो सांग. ती म्हणाली व्हय, दिलता ट्रे, मीच आणला. परंड्याच्या बहिणीनंही कबूल केलं. कळंबची म्हणाली, "आमाला वाटलं तुमी सरकारी हाव, दादाला धरून नेताव." प्रत्येकीच्या नावापुढं प्रज्ञानं बारीकशी खूण केली.

मग शकू. फोन बराच वेळ वाजला. मागं कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी खोकत होतं, सासरा असावा.

"ताई, तुमच्या टोमॅटोची रोपं तामलवाडीहून आली होती का?"

"न्हाय. आमीच बी टाकलंतं."

"तुमचा भाऊच सांगतोय. माझ्यासमोर बसलेत."

मी फोनजवळ तोंड नेलं. "शके, खरं सांग. म्याच दिला हुता ट्रे. माझ्याच रोपानं तुझं रान गेलं. सांगून टाक तिला."

पलीकडून खोकला ऐकू आला, आता जवळूनच. मग शकू हसली. मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"बाई, तुमी दादाचं काय मनावर घेता," ती म्हणाली. "त्यो ल्हानपणापासनं तसाच हाय. काहीबी बोलतो. गेल्या साली दादाचा ट्रे आलाच न्हाय."

माझ्या शब्दाची किंमत माझ्या बहिणीनं सांगितली होती, मला वाचवायला, आणि ती बरोबर होती.

प्रज्ञानं पर्समधून पट्टी काढली. कागदावरच्या लांब फांदीवर ठेवली आणि उमरग्याच्या नावावर एक सरळ रेघ ओढली. फोन चालूच होता. त्यातून शकू विचारत होती, "बाई, दादा जेवलाय का? दोन वाजून गेल्यात. वहिनीला म्हणावं त्याला जेवायला वाढ."